कार्डावरचा चौकोन

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्याच सभागृहात झालेल्या घरगुती व्याख्यानमालेतील हे भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे. बोलण्याच्या ओघातले शब्द मात्र तसेच ठेवले आहेत.)



व्याख्यानमालेसाठी कमिटीची मंडळी माझ्याकडे आली तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं, की "काका, तुम्ही बँकेतले. गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, गुंतवणुकीवर बोलायला आता प्रत्येक घरात एक तज्ज्ञ आहे आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दहा. मी बोलेन तर अशा विषयावर, ज्यात माझी स्वतःची चूक झाली आहे. आपली चूक चारचौघांत सांगितली, की बाकीच्यांची तरी वाचते.

विषय छोटासाच आहे. व्हिजिटिंग कार्डावर तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, क्यूआर कोड, तो. मोबाईल त्याच्यासमोर धरला की समोरच्याचं नाव, फोन नंबर, पत्ता आपोआप आपल्या फोनमध्ये येतो. टाईप करायला नको, चष्मा शोधायला नको. हा चौकोन कसा करायचा, त्यात काय घालायचं, आणि मुख्य म्हणजे तो करताना फसायचं कसं नाही, एवढंच मी सांगणार आहे.

आधी चूक सांगतो.

आपल्या सोसायटीतल्या एक ताई आहेत. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच हे बोलतो आहे, आणि त्या आत्ता तिसऱ्या रांगेत बसून हसत आहेत. त्यांच्या यजमानांची नोकरी इकडच्याच एका कारखान्यात होती. तो बंद झाला. आपल्या तळेगाव-चाकण पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कारखाना येतो तेव्हा पेढे वाटतो आपण, आणि जातो तेव्हा कुठल्या कुठल्या घरातला डबा बंद होतो ते शेजाऱ्यालाच कळतं. ताईंनी हात-पाय गाळले नाहीत. आधी डबे सुरू केले, मग दिवाळीचा फराळ. हाताला चव आहेच. मी म्हटलं, आता व्यवसाय आहे तर कार्ड हवं, आणि कार्ड हवं तर आजच्या काळातलं हवं.

मी स्वतः पुढाकार घेतला. इंटरनेटवर एक फुकट कोड करून देणारी साईट सापडली. नाव, नंबर, पत्ता भरला, बटण दाबलं, चौकोन तयार. रंगसुद्धा निवडता येत होता. मला एवढा आनंद झाला, की मी एक जास्तीचा शहाणपणा केला. ताईंना म्हणालो, "कार्डावर फोन नंबर छापायची गरजच नाही. कोड आहे ना! कार्ड कसं सुटसुटीत दिसेल." त्यांनी ऐकलं. का ऐकणार नाहीत? बँकेतले काका सांगतायत.

हजार कार्डं छापली. नवरात्रात निम्मी वाटलीसुद्धा. स्टेशनवर लोकलला जाणाऱ्या मंडळींना, हॉस्पिटलच्या परिसरात, ओळखीच्या दुकानांच्या गल्ल्यावर. पहिले काही दिवस ऑर्डरी आल्या. मग एकदम बंद. ताईंना वाटलं, लोकांना भाव जास्त वाटला असेल. त्यांनी चकलीचा भाव उतरवला! दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा एक जुन्या गिऱ्हाईक बाई, ज्यांच्याकडे नंबर आधीपासून होता, त्यांनी फोन करून सांगितलं, "अहो, तुमचं कार्ड माझ्या जावेला दिलं होतं. ते स्कॅन केलं तर काहीतरी पैसे भरा, योजना संपली, असं येतंय."

ताई कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काका, हे बघता का जरा?" मी मोबाईल धरला. फुकट मुदत संपली आहे, कोड चालू ठेवायचा असेल तर वर्षाची वर्गणी भरा, असा इंग्रजीत मजकूर. पाचशे लोकांच्या खिशात ताईंचं कार्ड होतं आणि त्यातल्या एकालाही त्यांना फोन करता येत नव्हता, कारण नंबर छापू नका असं सांगणारा शहाणा मी होतो.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. कुठलाही कागद सही करण्याआधी मागची बाजू वाचायची, बारीक अक्षर आधी वाचायचं, हे मी हाताखालच्या किती पोरांना शिकवलं असेल! आणि स्वतः मात्र फुकट दिसल्याबरोबर बटण दाबलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवाळीचा हंगाम हा त्या घराचा वर्षाचा आधार होता.

दुसऱ्या दिवशी नातीला बसवलं. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "आजोबा, तुमचा कोड बिघडलेला नाहीये. तुमच्या कोडात ताईंचा नंबर कधी नव्हताच." मी म्हटलं, "अगं, मी माझ्या हाताने भरला!" तर म्हणाली, "तुम्ही तो त्या साईटच्या वहीत भरलात. चौकोनात फक्त त्या वहीचा पत्ता आहे."

मित्रहो, आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. क्यूआर कोड दोन प्रकारचे असतात. एकात तुमची माहिती त्या चौकोनातच लिहिलेली असते. कागद आहे तोवर ती आहे. कुणाची वर्गणी नाही, मुदत नाही, इंटरनेटसुद्धा लागत नाही. याला स्टॅटिक म्हणतात. आपण पक्का कोड म्हणू. दुसऱ्या प्रकारात चौकोनात फक्त एका वेबसाईटचा पत्ता असतो आणि तुमची माहिती त्या वेबसाईटवर. याला डायनॅमिक म्हणतात. याचाही उपयोग असतो, नंबर बदलला तर कार्ड न बदलता आतली माहिती बदलता येते. पण किल्ली दुसऱ्याच्या हातात. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला म्हणजे स्वतःच्या घरातली तिजोरी आणि दुसरा म्हणजे भाड्याचा लॉकर. भाडं थकलं की लॉकर उघडत नाही.

ओळखायचं कसं? अगदी सोपं. कोड स्कॅन करा आणि पडद्यावर काय येतं ते बघा. थेट नाव आणि 'संपर्क जोडा' असं आलं तर पक्का. आधी एखाद्या वेबसाईटचा पत्ता आला तर तो भाड्याचा. मी तर फोनचं इंटरनेट बंद करून स्कॅन करून बघतो. नेट बंद असताना नाव-नंबर दिसला, की माहिती चौकोनातच आहे याची खात्री.

आता हा चौकोन आला कुठून, ते थोडक्यात. कारण यात आपल्या पट्ट्याचा संबंध आहे.

पुष्कळांना वाटतं, हा कोड पैसे द्यायला निघाला. तसं नाही. हा निघाला मोटारीच्या सुट्या भागांसाठी. जपानमध्ये टोयोटा समूहातली डेन्सो ही कंपनी. तिथे १९९४ साली मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या छोट्या गटाने हा कोड तयार केला. त्याआधी सुट्या भागांच्या खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड असायचे. त्यात माहिती मावायची थोडी, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावायला लागायचे, आणि कामगार ते एकेक करून वाचत बसायचे. हारांना 'गो' नावाच्या जपानी पटावरून कल्पना सुचली. चौकटीवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडतात तो खेळ. रेघांमध्ये माहिती फक्त आडवी मावते. पटावर ती आडवी आणि उभी दोन्हीकडे मावते. क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स, चटकन उत्तर. कंपनीने पेटंट घेतलं, पण लोकांनी प्रमाणाप्रमाणे कोड वापरला तर हक्क बजावायचा नाही असं ठरवलं. म्हणून तो जगभर पसरला. म्हणून तुम्ही-आम्ही तो फुकट करू शकतो, आणि पक्का कोड करायला कुणी पैसे मागत असेल तर ते कोडाचे नसून त्याच्या साईटचे आहेत, हे समजावं.

आपल्याकडे तळेगाव, चाकण, भोसरीच्या कारखान्यांत स्टोअर्समध्ये काम करणारी कितीतरी मुलं या सोसायटीत आहेत. ती रोज ट्रॉल्यांवरचे, बिनांवरचे हे चौकोन स्कॅन करतात. म्हणजे ज्या कामासाठी तो जन्माला आला ते काम आपल्या दाराशीच चाललेलं आहे. मग तो दुकानात आला, औषधाच्या पाकिटावर आला, आधार पत्रावर आला. २०१६ मध्ये युपीआय सुरू झालं आणि २०१७ मध्ये भारत क्यूआर आलं. आता कोथिंबिरीच्या गाड्यावर तो दोरीने लटकलेला असतो.

चौकोन जरा निरखून बघा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे डोळे आहेत. चौथ्या कोपऱ्यात नाही. त्यावरून फोनला कळतं की वर कुठलं आणि खाली कुठलं. म्हणून कार्ड उलटं धरलं, तिरकं धरलं, तरी चालतं. त्या डोळ्यांमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असं आहे. हारांच्या गटाने छापील मजकूर, मासिकं, जाहिराती तपासून असं प्रमाण शोधलं, जे इतर छपाईत फारसं आढळत नाही. म्हणजे फोन दुसऱ्याच कशाला कोड समजणार नाही.

दुसरी गंमत माझ्यासारख्या बँकवाल्याला फार आवडली. चौकोनाचा थोडा भाग खराब झाला, डाग पडला, तरी कोड वाचता येतो. कसा? आमच्या वेळी लेजर हाताने लिहायचं. संध्याकाळी बॅलन्स जुळला नाही, की घरी जायचं नाही. तळेगावची लोकल चुकायची. तेव्हा जुने हेडकॅशियर सांगायचे, "फरक ९ ने भागून बघ." ९ ने पूर्ण भाग गेला, की समजायचं, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ४५० च्या जागी ५४० लिहिले, तर फरक ९०. मग नेमकं काय शोधायचं ते कळायचं. म्हणजे आकड्यांच्या स्वभावातूनच चूक सापडते. क्यूआर कोडात हेच पुष्कळ पुढच्या पायरीवर केलं आहे. मूळ माहितीबरोबर काही जादा आकडे गणिताने काढून आत घातलेले असतात. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेलं हे गणित. गाण्याच्या सीडीतही तेच. कोडात याच्या चार पायऱ्या आहेत. सर्वात खालच्या पायरीत सुमारे ७ टक्के भाग खराब झाला तरी चालतो, मग १५, मग २५, आणि सर्वात वरच्यात ३० टक्के. कार्डासाठी १५ टक्क्यांची पायरी पुरते. फराळाच्या डब्यावर चिकटवायचा असेल, तेलाचा हात लागणार असेल, तर वरची घ्यावी.

आता प्रत्यक्ष कृती. वही-पेन आणलं असेल तर काढा.

संपर्काची माहिती लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला व्हीकार्ड म्हणतात. ती गेल्या तीस वर्षांपासून आहे. आपला फॉर्म असतो तशीच: पहिल्या ओळीत 'कार्ड सुरू', शेवटच्या ओळीत 'कार्ड समाप्त', आणि मध्ये एकेका ओळीत नाव, संस्था, हुद्दा, फोन, ईमेल, पत्ता. नावाच्या रकान्यात आडनाव आधी लिहायचं असतं, अगदी आपल्या लेजरसारखं. या सगळ्या ओळी हाताने लिहायची गरज नाही, फोन ते स्वतः करतो.

सर्वात सोपी आणि कुणाच्याही वहीत न अडकणारी पद्धत अशी. आपल्या फोनच्या संपर्क यादीत स्वतःच्याच नावाने एक नवीन संपर्क तयार करा. त्यात जेवढं जगाला द्यायचं तेवढंच भरा. मग तो संपर्क उघडून 'शेअर' दाबा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तिथे 'क्यूआर कोड' असा पर्याय येतो. तो दाबला की चौकोन पडद्यावर. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. झालं. तुमच्या फोनमध्ये तो पर्याय नसेल तर शेजाऱ्याच्या फोनमध्ये असेल, त्यावर करा आणि नंतर तो संपर्क पुसायला सांगा. हा चौकोन प्रेसमध्ये पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, फोटो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वेबसाईटवरूनच करायचा झाला तर 'स्टॅटिक' हा शब्द शोधा, आणि लॉगिन, मोफत चाचणी, क्रेडिट कार्ड असले शब्द दिसले की उठा.

आता काय भरायचं. इथे लोभ करू नका. जेवढी माहिती जास्त, तेवढी चौकोनातली घरं जास्त आणि तेवढी ती बारीक. सर्वात लहान कोड २१ बाय २१ घरांचा असतो आणि सर्वात मोठा १७७ बाय १७७ चा. नुसतं नाव आणि एक नंबर इंग्रजी अक्षरांत घातला तर साधारण ४१ बाय ४१ घरांत काम होतं. पूर्ण पत्ता, ईमेल, दोन नंबर आणि तेही देवनागरीत घातलं, की साठ-सत्तर घरांवर जातं. कार्डावर आपण चौकोनाला देणार दोन सेंटिमीटर. मग एकेक घर मोहरीपेक्षाही लहान होतं आणि जुन्या फोनच्या कॅमेऱ्याला दिसत नाही.

देवनागरीचं कारण ऐकण्यासारखं आहे. संगणकात इंग्रजी अक्षराला एक बाईट जागा लागते. मराठीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'चकली' लिहायचं तर च, क, ल आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाईट. आपली भाषा श्रीमंत आहे, तिला जागा लागतेच! पण म्हणून मराठी घालायची नाही का? जरूर घाला, पण एवढा विचार करा, की समोरचा नंतर तुम्हाला फोनमध्ये कसा शोधणार. ज्याच्या फोनमधली सगळी नावं इंग्रजीत आहेत त्याला मराठीत साठवलेलं नाव शोधताना सापडत नाही. ताईंनी मध्यम मार्ग काढला. कोडात नाव इंग्रजी अक्षरांत आणि कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत. मला तो पटला.

फोन नंबर लिहिताना आधी अधिक चिन्ह आणि ९१ लिहा, शून्य लावू नका. आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांची मुलं परदेशात आहेत. दिवाळीला आलेला जावई कार्ड स्कॅन करून गेला आणि तिथून त्याला फराळाची ऑर्डर द्यायची झाली, तर ९१ शिवाय फोन लागणार नाही.

पत्ता द्यायचाच असेल तर थोडक्यात द्या आणि पिनकोड विसरू नका. जाता जाता सांगतो, हा पिनकोड भारताला देणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे मोठे पंडित आणि टपाल खात्याशी संबंधित मंत्रालयातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा. आपला ४. सारख्या नावाची गावं देशात कितीतरी. नुसत्या महाराष्ट्रात तळेगावं किती आहेत, तळेगाव ढमढेरेची पत्रं आपल्याकडे किती यायची, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. सहा आकड्यांनी तो गोंधळ मिटवला. कोड म्हणजे काही परकी गोष्ट नाही. माणूस बिनचूक सापडावा म्हणून केलेली सोय, एवढंच.

छपाईच्या चार गोष्टी. चौकोन दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. गडद रंग पांढऱ्यावर छापा, उलटं नको. काळ्यावर सोनेरी फार सुंदर दिसतं, पण पुष्कळ फोन ते वाचत नाहीत. चौकोनाभोवती चारही बाजूंनी निदान चार घरांएवढी कोरी जागा सोडा. प्रेसवाले हौसेने त्याला वेलबुट्टीची चौकट करतात, ती करू देऊ नका. आणि चकचकीत लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाईटचा उजेड चमकतो. हजार छापायच्या आधी एक छापून घ्या आणि ते तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा. त्यातला एक फोन जुना हवा. त्यासाठी माझा उपलब्ध आहे.

आणि पाचवी, माझ्या कर्माची. नंबर छापा! कोड असला तरी नंबर स्वच्छ, मोठ्या आकड्यांत छापा. कोड ही सोय आहे, नंबर हा आधार आहे. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याचा कॅमेरा फुटला आहे, ज्याला स्कॅन करता येत नाही, तोही आपला गिऱ्हाईक आहे.

आता बँकवाल्याच्या तोंडून दोन सावधगिरीच्या गोष्टी.

एक. संपर्काच्या कोडाला कुलूप नसतं. ज्याच्या हातात कार्ड, त्याच्या हातात माहिती. म्हणून त्यात जन्मतारीख, आधार क्रमांक, खाते क्रमांक असलं काहीही घालू नका. घरच्या पत्त्यावर एकटं राहणारी बाई असेल तर पत्ताही नको, फोन पुरे. फराळ न्यायला कुठे यायचं ते फोनवर सांगता येतं.

दोन. संपर्काचा कोड आणि पैशांचा कोड हे दिसायला भावंडं असले तरी वेगळे आहेत. एकाच कार्डावर दोन्ही छापू नका, आणि छापलेच तर खाली स्पष्ट लिहा. पैसे मिळवण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फोनवर कुणी म्हणालं, "काकू, ऑर्डरचे पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा," की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर क्षणभर लाज न बाळगता १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते. लाजेपायी लोक दोन दिवस घरात सांगत नाहीत आणि पैसे जातात.

आपल्या वयाच्या मंडळींसाठी एक वेगळा उपयोगही सुचवतो. पाकिटात एक कार्ड ठेवा. त्यावर आपलं नाव, मुलाचं किंवा मुलीचं किंवा शेजाऱ्याचं नाव आणि नंबर छापील, आणि बाजूला त्याच नंबरचा कोड. स्टेशनच्या जिन्यावर कुणाला चक्कर आली तर मदतीला धावणारा माणूस आधी आपला फोन बघतो, आणि आपल्या फोनला नातवंडांनी कुलूप घालून ठेवलेलं असतं. कार्डाला कुलूप नाही. मी माझं केलं आहे. सौ.नी विचारलं, "त्यावर माझा नंबर का नाही?" मी म्हटलं, "तू माझ्याबरोबरच असशील ना!" त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दोन नंबरांचं नवीन कार्ड केलं.

ताईंचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो.

वाटलेली पाचशे कार्डं परत आणता येत नव्हती. ते नुकसान झालं ते झालंच. उरलेल्या पाचशेंवर आम्ही स्टिकर चिकटवायचं ठरवलं. नातीने पक्का कोड करून दिला, प्रेसमधून स्टिकर आणले, खाली ठसठशीत नंबर. खर्च मी करतो म्हटलं तर ताई निम्मे पैसे ठेवून गेल्या, घेतल्याशिवाय उठेनात. मग आमच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी आम्ही सहा-सात जणं बसलो. सौ.नी चहा केला. बी विंगच्या दोन मुलींनी, ज्या आत्ता मागे बसून गप्पा मारतायत त्यांनी, सर्वात सरळ स्टिकर चिकटवले. माझे तिरके गेले, पण कोड तिरका असला तरी चालतो, हे तुम्हाला सांगितलंच आहे! दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलला आम्ही तिघे म्हातारे स्टेशनवर उभे राहून कार्डं वाटत होतो. एका ओळखीच्या माणसाने विचारलं, "साहेब, रिटायर झाल्यावर फराळाचा धंदा सुरू केलात?" मी म्हटलं, "हो, आणि हे आमच्या मालकीणबाईंचं कार्ड."

त्या दिवाळीला ठरवलं होतं तेवढं काम झालं नाही, निम्म्याच्या आसपास झालं. पण दिवाळीनंतरही डब्यांच्या ऑर्डरी येत राहिल्या, आणि आता यजमानही त्याच कामात आहेत. चकलीचा भाव मात्र त्यांनी परत वाढवला, हे मी गिऱ्हाईक म्हणून नाराजीने नोंदवतो.

आपल्या गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, लोकमान्य टिळकांचा पाठिंबा, आणि माणशी एक पैसा अशी वर्गणी. एका पैशाने काय होतं, असं म्हणणारे तेव्हाही असतील. पण माणसांनी पैसा पैसा दिला आणि स्वदेशी काच झाली. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पाण्याचा टँकर, रस्त्यावरचे दिवे, लिफ्ट यांसाठी एकत्र आलो. आता त्या गरजा भागल्या. आता आपल्याच सोसायटीत शिवणकाम करणारी आहेत, शिकवण्या घेणारी आहेत, प्लंबिंगचं काम शिकलेला मुलगा आहे, नोकरी गेलेले आहेत. त्यांचं नाव चार माणसांपर्यंत पोचवणं हे आपल्या एक पैशाचं काम आहे.

म्हणून मी कमिटीला कळवलं आहे, की दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. ज्याला कार्डासाठी कोड करून हवा असेल त्याने यावं. पैसे नाहीत, वर्गणी नाही, मुदत नाही. माझी स्वतःची मुदत किती ते मला माहीत नाही, म्हणून शक्यतो लवकर यावं. आणि येताना एक मुलगा किंवा मुलगी बरोबर आणावी, म्हणजे मी नसेन तेव्हा ती करून देतील.

चहाबरोबर आज ताईंचीच चकली आहे. टेबलावर कार्डं ठेवली आहेत. एक उचला, स्कॅन करून बघा, आणि नाव आलं नाही तर थेट माझ्याकडे या.